प्रेक्षक बसवणारा

नाटकाचा प्लॅन म्हणजे एक छापील कागद. वर रंगमंचाची आडवी रेघ, तिच्याखाली ए, बी, सी करत मागे मागे जाणाऱ्या रांगा, मधून जायची वाट, आणि अगदी तळाशी बाल्कनी. प्रत्येक प्रयोगाला नवा कागद. कोपऱ्यात हाताने लिहिलेलं नाटकाचं नाव, वार, तारीख, वेळ. खिडकी उघडली की हा कागद पॅडला लागायचा आणि लाल-निळ्या पेन्सिलीने त्यातला एकेक चौकोन बुजत जायचा. एकाच खुर्चीवर दोघे हक्क सांगत आले तर निवाडा हाच कागद करी. प्रयोग संपला, हिशोब जुळला, की त्याची किंमत शून्य. मराठी रंगभूमीने संहिता जपल्या, छायाचित्रं जपली, पदांच्या ध्वनिमुद्रिका जपल्या. कोणत्या रात्री कोण कुठे बसलं होतं हे सांगणारे कागद मात्र रद्दीत गेले.

माझा मामा असे कागद भरता भरता म्हातारा झाला. मुंबईतल्या एका नाट्यगृहाच्या खिडकीवर तो बुकिंग क्लार्क होता. नोकरीतून निवृत्त झाला तरी निर्मात्यांनी त्याला सोडलं नाही, आणि खरं म्हणजे त्यालाही सुटायचं नव्हतं. सकाळी एकदा खिडकी, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात घरी जेवण आणि डुलकी. शनिवार-रविवार तो कुणाच्या लग्नाला दिसला नाही, की मुंजीला. लोकांचा सण हा नाटकवाल्यांचा हंगाम, त्यामुळे दिवाळीतही त्याचं फराळाचं ताट झाकूनच ठेवलेलं असायचं. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान आलं की आजी नाटकांची नावं वाचायची नाही. कुठला प्लॅन कधी उघडतोय ती बारीक ओळ तेवढी वाचायची आणि त्यावरून कुकर कधी लावायचा ते ठरवायची.

खिडकीपाशी गेल्यावर बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न यायचा, 'कितीची?' मामा विचारायचा, 'कोण कोण येणार?' हा प्रश्न चमत्कारिक वाटे. पण उत्तर मिळाल्याशिवाय त्याची पेन्सिल कागदाला टेकत नसे. आजी येणार आहे? मग पायऱ्या नकोत, बाल्कनी स्वस्त असली तरी नको. गुडघेदुखी आहे? उजवा की डावा? दुखरा पाय वाटेत लांब करता यावा म्हणून वाटेच्या नेमक्या कुठल्या बाजूची खुर्ची द्यायची हे त्याने मनात पक्कं केलेलं असे. दम्याच्या माणसाला एसीच्या झोताखाली बसवायचं नाही. तान्हं मूल घेऊन येणारी बाई दाराजवळ, म्हणजे ते रडलं तर तिला चार जणांच्या पायांवरून जावं लागू नये, आणि नटाच्या वाक्यावरही पाणी पडू नये. नुकतं ठरलेलं लग्न असेल तर दोन्हीकडच्या मंडळींना एका रांगेत, पण मुलगा-मुलगी एका टोकाला. वाटणीवरून अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ आपापल्या कुटुंबांसह एकाच रविवारी तिकिटं न्यायला आले तर एकाला ई रांगेचं डावं टोक, दुसऱ्याला के रांगेचं उजवं. मध्यंतरात चहाच्या ठेल्यावर भेट झालीच तर तो त्यांचा प्रश्न.

दिग्दर्शकाने नाटक बसवावं तसा मामा प्रेक्षक बसवायचा. त्याला हे काम आहे असं वाटतच नसे, काम म्हणजे पैसे मोजणं. ते त्याला अजिबात आवडत नव्हतं, आणि तरीही त्यात त्याची कधी चूक निघाली नाही.

एक जोडपं त्याच्या खिडकीवर नेमाने यायचं. शनिवारचा रात्रीचा प्रयोग, एफ रांग, वाटेलगतच्या दोन खुर्च्या. गृहस्थ तिकिटं घेत, बाई मागे जाहिरातींचे बोर्ड वाचत उभ्या. मग बरेच महिने ते आले नाहीत, आणि आले तेव्हा एकटे. म्हणाले, 'एक.' मामाने त्यांना त्यांची वाटेलगतची खुर्ची दिली, तो चौकोन बुजवला, आणि शेजारच्या चौकोनात पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला. ठिपका म्हणजे ही खुर्ची शेवटी विकायची. पुढे ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा तेव्हा तो ठिपका पडला. मी एकदा विचारलं, 'आणि हाऊसफुल्ल झालं तर?'

'तर विकायची,' मामा म्हणाला. 'निर्मात्याच्या पोटावर पाय द्यायला मी कोण? पण शेवटी. आणि एकट्या माणसाला.'

'त्यांना सांगितलंस का हे?'

'काय सांगायचं त्यात?'

त्याचं म्हणणं खरंच होतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिकीट या गोष्टीचा त्याला अभिमान होता. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं ते राजाश्रयाने. पुढे 1853 साली त्यांच्या मंडळीने मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. मामाच्या मते मराठी रंगभूमी खरी सुरू झाली ती तेव्हा, कारण त्या दिवशी राजा गेला आणि गिऱ्हाईक आलं. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, पुढच्या खुर्चीला शंभर रुपये पडले, ही गोष्ट तो रंगवून सांगायचा. गाण्याबद्दल मात्र बोलायचा नाही. डोळे बारीक करून म्हणायचा, 'त्या रात्रीचा प्लॅन कोणी केला असेल गं? दोन्हीकडचे भक्त एका थिएटरात. कुणाला कुणाशेजारी बसवलं असेल?'

खिडकीमागे दुसराही एक संसार चालायचा. पहिला अंक सुरू झाला की मामा प्लॅन, तिकिटांची पुस्तकं आणि त्यांची स्थळप्रत घेऊन बसायचा. विकलेली तिकिटं, दिलेले पास आणि उरलेल्या खुर्च्या यांची बेरीज नाट्यगृहाच्या आसनसंख्येशी जुळली पाहिजे. नाटकाचा व्यवस्थापक शेजारी उभा, कारण गल्ल्यातून भाडं, जाहिरात, बसचं डिझेल वजा जाता जे उरेल त्यातून कलाकारांची आणि बॅकस्टेजच्या मुलांची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, द्यायची असे. पाकिटं भरली जायची ती त्याच रात्री. पाऊस पडला, क्रिकेटची मॅच लागली, की पाकिटं भरताना व्यवस्थापकाचा चेहरा कसा व्हायचा, ते मामाने पाहिलं होतं. म्हणून नवं नाटक आलं की निर्माते समीक्षण येण्याआधी त्याला विचारत, 'काय वाटतं?' मामा नाटक न बघता सांगायचा. पहिल्या प्रयोगाचे प्रेक्षक दुसऱ्या प्रयोगाला कुणाला घेऊन येतात, त्यावर त्याचा अंदाज चाले. नवरा एकटा येऊन गेला आणि पुढच्या वेळी बायको, सासू, मेहुणी अशी तिकिटं मागू लागला, म्हणजे नाटक चालणार.

हे सगळं आठवताना एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. ही खिडकी सगळ्यांसाठी सारखी नव्हती. मामाच्या प्लॅनवर पुढच्या काही खुर्च्या विक्री सुरू व्हायच्या आधीच बुजलेल्या असत. कुणी निर्मात्याचे पाहुणे, कुणी नगरसेवकाचे, कुणी खुद्द मामाचे. आम्ही भाचरं कायम तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून नाटकं बघितली ती गुणवत्तेवर नव्हे. बदलापूरहून लोकलने आलेल्या, रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र 'मागच्या आहेत, चालतील?' असं ऐकावं लागे, आणि तो मान हलवे, कारण पुढच्या गेल्या कुठे हे विचारायची सोय नव्हती. जो ओळखीचा त्याच्या गुडघ्याची चौकशी व्हायची. अनोळखी माणसाला गुडघे नसतात, असा एकंदर कारभार. रात्री कुठलं तरी गाजलेलं नाटक लागलं की फाटकाबाहेर जादा भावाने तिकिटं विकणारे उभे राहत. ती त्यांच्याकडे आली कुठून, हा प्रश्न आमच्या घरात कुणी जेवताना काढत नसे.

म्हणून संगणक आला तेव्हा त्याच्याशी वैर धरायचा अधिकार आम्हाला तरी नव्हता. 2007 साली बुक माय शो सुरू झालं. सिनेमाच्या मागोमाग मराठी नाटकही तिथे दिसू लागलं. मामाच्या नाट्यगृहात आधी समझोता झाला: काही रांगा ऑनलाइनला, बाकीच्या खिडकीला. ऑनलाइन गेलेल्या खुर्च्यांची यादी छापून यायची आणि मामा त्या प्लॅनवर हिरव्या पेनाने बुजवायचा. हिरव्या चौकोनात कोण बसणार हे त्याला माहीत नसे. तो रंग आधी कडेकडेला होता, मग मधल्या रांगांत शिरला, आणि एका हंगामात प्लॅनच कागदावरून उठून पडद्यावर गेला. पुढे प्रशांत दामल्यांच्या पुढाकाराने 'तिकिटालय' आलं, म्हणजे मराठी नाटकवाल्यांचं स्वतःचं ॲपही झालं.

मामाने कुरकुर केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. एकच खुर्ची दोघांना विकली जाण्याची धास्ती गेली म्हणून तो उलट खूश होता. न्यू जर्सीतला मुलगा डोंबिवलीत राहणाऱ्या आईवडिलांसाठी सावित्रीबाई फुले नाट्यगृहातल्या खुर्च्या तिथून निवडू शकतो, याचं त्याला फार कौतुक. पडद्यावर एखादी खुर्ची कुणी निवडली की पैसे भरेपर्यंत ती काही मिनिटं अडून राहते, पैसे आले नाहीत तर पुन्हा मोकळी होते. मामा त्या पडद्यासमोर चष्मा सरसावून बसे आणि समालोचन करी. 'बघ, जी सात-आठ अडल्या. नवराबायको दिसतायत. सुटल्या. तिला तारीख जमत नाहीये.' थोड्या वेळाने त्याच खुर्च्या पुन्हा अडल्या की म्हणे, 'समजूत पटली.' तो हे सगळं मनचंच सांगत होता. माणसं दिसेनाशी झाली होती आणि त्याला माणसांवाचून प्लॅन वाचता येत नव्हता.

एका गोष्टीवर मात्र तो अडला. तिकीटविक्रीच्या काही प्रणालींमध्ये असा नियम घातलेला असतो की, निवड करताना मधेच एक सुटी खुर्ची सोडता येत नाही. सोडू पाहिलं तर सूचना येते आणि पुढे जाऊ देत नाहीत. नियमामागे व्यवहार आहे: बहुतेक लोक जोडीने किंवा कुटुंबाने येतात, सुटी खुर्ची विकली जात नाही, आणि प्रयोग सुरू झाल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमत कुणालाच वसूल करता येत नाही. मी हे मामाला कुठल्याशा परदेशी थिएटरचं तिकीट काढताना दाखवलं. त्याने ती सूचना पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, 'बरोबर आहे. धंदा म्हणून बरोबर आहे.' आणि उठून आत गेला.

हे बदल काही नाटकापुरते नाहीत. वेरूळची लेणी बघायला रोखीने 40 रुपये आणि ऑनलाइन 35, असा दराचाच फरक ठेवून सरकारने लोकांना फोनकडे वळवलं. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या करमणूक उद्यानात तिकिटाचा दर तुम्ही कुठल्या दिवशी जाता त्यावर बदलतो. दारावरचा माणूस तिकीट फाडत नाही, फोनवरचा चौकोन यंत्राला दाखवतो आणि शिट्टी वाजली की बाजूला होतो. आत किती माणसं आहेत, कुठल्या वेळेला गर्दी होते, कुणाला पुढच्या आठवड्यात सवलतीचा संदेश पाठवायचा, हे सगळं मालकाला बसल्या जागी कळतं. नाटकाच्या निर्मात्यालाही आता संध्याकाळी खिडकीला फोन करून 'किती गेलं?' विचारावं लागत नाही. पैसे मात्र थेट गल्ल्यात पडत नाहीत, काही दिवसांनी खात्यावर येतात. त्यामुळे नाईटची पाकिटं आणि त्या रात्रीची गर्दी यांचा एकमेकांशी असलेला संबंधही सैल झाला.

मार्च 2020मध्ये नाट्यगृहं बंद झाली. हिवाळ्यात पन्नास टक्के प्रेक्षकांची अट घालून ती उघडली: एकाआड एक खुर्ची रिकामी. मामा सत्तरीच्या उंबऱ्यावर होता, मामीचा विरोध होता, तरी तो खिडकीत जाऊन बसला. फोनवर ज्यांना जमत नाही अशी म्हातारी माणसं येतात, म्हणाला. पहिल्या दिवशी रात्री त्याने मला फोन केला. मी विचारलं, 'कसं वाटलं?'

'सरकारने सगळ्यांच्याच शेजारी ठिपका मारलाय,' मामा म्हणाला.

एप्रिल 2021मध्ये नाट्यगृहं पुन्हा बंद झाली, आणि त्या बंदीतच मामा गेला. अंत्ययात्रेला किती माणसं यावीत याचा तेव्हा सरकारी आकडा होता. आमच्यातलेही सगळे पोचले नाहीत, मग प्रेक्षकांचं काय? ज्यांचे गुडघे, कान, दमे आणि अबोले त्याला पाठ होते, त्यांतल्या बहुतेकांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ते त्याला 'बुकिंगवाले' म्हणत. वर्तमानपत्रात नटाचं निधन येतं, नाटककाराचं येतं. बुकिंगवाल्यांचं कोण देणार? 22 ऑक्टोबरला पडदे पुन्हा वर गेले. खिडकीवर बसलेल्या नव्या मुलाने नंतर मला सांगितलं की बरेच दिवस काही वृद्ध माणसं यायची, आत डोकावायची, आणि मामा दिसला नाही की तिकीट न घेता काही क्षण घुटमळायची. तो मुलगा चांगला होता. 'मॅडम, मी विचारायचो कुठली सीट हवी,' तो म्हणाला, 'तर म्हणायचे, नेहमीची. आता नेहमीची म्हणजे कुठली, ते मला कसं कळणार?'

प्रशांत दळवींचं 'चारचौघी' 1991 साली रंगभूमीवर आलं तेव्हा मी ते आईबरोबर पाहिलं होतं. आईचा डावा कान अधू होता. ती हे कुणाला सांगत नसे, पण भावापासून काय लपतंय? मामाने आम्हाला डावीकडच्या खुर्च्या दिल्या, म्हणजे तिचा चांगला कान रंगमंचाकडे राहील. वंदना गुप्त्यांचा तो फोनवरचा लांबलचक प्रवेश आईने मान न वळवता, शब्दन् शब्द ऐकला. 2022मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तेच नाटक नव्या संचात पुन्हा उभं केलं आणि मी लेकीबरोबर गेले. तिकिटं तिनेच काढली, कचेरीतून परतताना, चालत्या लोकलमध्ये. मधली रांग, उजवीकडच्या उत्तम खुर्च्या, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागली नाही. मुक्ता बर्वे फोनवर बोलू लागली आणि माझी मान आपोआप वळली. आईचा कान माझ्याकडे आला आहे.

घरी येताना लेकीला हे सगळं सांगितलं. ती संगणकाच्याच क्षेत्रातली. तिने मामाआजोबांची गोष्ट नीट ऐकून घेतली आणि तिच्या स्वभावाप्रमाणे उपाय शोधला. 'यात अवघड काय आहे, आई? बुकिंग करताना विचारायचं: ऐकायला त्रास आहे का, कुठल्या बाजूला, गुडघे, व्हीलचेअर, लहान मूल. चार चौकोन. त्यावरून सीट सुचवता येईल. आणि तुझ्या मामाने फक्त ओळखीच्यांना विचारलं, हे सगळ्यांना विचारेल.'

तिचं शेवटचं वाक्य मला बोचलं, कारण ते बरोबर होतं. बदलापूरच्या त्या माणसाला मामाच्या खिडकीवर जे मिळालं नाही ते तिच्या चार चौकोनांत मिळेल. हे व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं. त्या दिवसापासून खिडकीसाठी हळहळणं मी बंद केलं. रांग, जादा भाव, पाहुण्यांच्या खुर्च्या, यांतलं काही परत यावं असं मला वाटत नाही.

पण जे मागता येतं त्याचीच सोय यंत्रात होणार, हे त्या चार चौकोनांनीच मला दाखवलं. कान सांगता येतो, गुडघा सांगता येतो. एफ रांगेतल्या त्या गृहस्थांनी मामाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि एखाद्या पडद्याने विचारलं असतं तरी त्यांनी कुठल्या चौकोनात काय भरलं असतं? त्यांना एकच तिकीट हवं होतं, ते त्यांनी मागितलं, पैसे दिले. पुढचं मामाचं मामाने पाहिलं. कुणी न मागता केलेल्या अशा गोष्टींची नोंद कुठल्याच हिशोबात नव्हती, म्हणून खिडकी गेली तेव्हा काय काय गेलं त्याची यादीही कुणाला करता आली नाही.